साडेआठची खूण

आमच्या वर्गात सादरीकरणाचा विषय ठरवायची एक पद्धत होती. तिला सगळे चाळणी म्हणत. फळ्यावर आपला विषय लिहायचा आणि बाजूला उभं राहायचं. वर्गातल्या कुणीही प्रश्न विचारायचा. उत्तर देता आलं नाही तर विषयातला एखादा शब्द पुसायचा किंवा एखादी अट वाढवायची. मग पुढचा प्रश्न. मॅडम शेवटच्या बाकावर बसून अधूनमधून एवढंच म्हणत, "अजून बोटाखाली आला नाही." ज्याच्यावर बोट ठेवून 'हे' म्हणता येईल, एवढा विषय लहान झाला पाहिजे, हा त्यांचा नियम. बारा मिनिटं आणि एक आलेख. त्याहून जास्त सांगायचं असेल तर पुस्तक लिहा, म्हणायच्या.

माझ्या आधीच्या मुलानं 'ऊर्जा' असं लिहिलं होतं. चाळणीतून खाली पडेपर्यंत त्याचं 'कँटीनमधल्या चहावर बशी ठेवली तर तो किती मिनिटं उशिरा निवतो' असं झालं. तो खट्टू होऊन जागेवर बसला. मॅडम म्हणाल्या, "आता कुठे तू काहीतरी मोजणार आहेस."

मी लिहिलं, 'हवामान बदल'.

"कुठलं हवामान? चंद्रावरचं?" वकील म्हणाला. त्याचं खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं. एकदा धरलेला माणूस तो सोडत नसे, म्हणून वकील.

मी पुसलं. 'आपल्या शहराचं तापमान' असं लिहिलं.

"कधीचं? दुपारचं की पहाटेचं?"

"सकाळी साडेआठचं. सहा हिवाळ्यांचं."

"मोजलं कुणी?"

"वेधशाळेतल्या निरीक्षकांनी."

"साडेआठलाच मोजलं कशावरून? थंडीत आठ ते नऊमध्ये पारा दोन-तीन अंश चढतो. साहेब अंथरुणातून उठून, चहाबिहा घेऊन नऊला आले असतील, तर तुझा आलेख हवामानाचा नाही. साहेबांच्या झोपेचा आहे."

वर्ग खो खो हसला. माझे कान तापले. "ते माझे बाबा आहेत," मी म्हणाले.

आधीपेक्षा मोठा हशा पिकला. "म्हणजे साक्षीदार घरचाच!" वकील म्हणाला.

मॅडम उठून फळ्याजवळ आल्या. "बाप हा पुरावा नाही," त्या अगदी सौम्यपणे म्हणाल्या. "पण प्रश्न चांगला आहे. साडेआठचं तापमान खरंच साडेआठचं आहे का? हे येतंय बोटाखाली. पुढच्या गुरुवारी सादर कर. यादीत पहिली तू, बरोबर साडेआठला."

मी खूश होते, हे मी इथे नोंदवून ठेवते. जगातल्या इतर कुठल्याही विषयाचं उत्तर मला माहीत नसेल, पण याचं होतं. आमचं अख्खं घर त्या साडेआठभोवती फिरत आलं होतं. बाबा सात पन्नासला सायकल काढायचे. ताप असो, पाहुणे असोत, कुणाचं लग्न असो, साडेआठच्या ठोक्याला ते वेधशाळेच्या मागच्या गवतात, तापमापकं ठेवलेल्या झडपांच्या पांढऱ्या पेटीसमोर उभे असायचे. वेधशाळा म्हणजे तरी काय, दोन खोल्या, एक गच्ची आणि एकच माणूस. बदली माणूस नव्हता. आमच्या टीव्हीवर एक तांब्याची ढाल होती. वीस वर्षं एकही दिवस न चुकवता नोंद ठेवल्याबद्दल मुख्य कचेरीनं पाठवलेली. आई ती दर रविवारी पुसायची.

मी पंधरा वर्षांची असताना आंतरशालेय विज्ञान व्याख्यानासाठी माझी निवड झाली होती. शेजारच्या गावी, शनिवारी सकाळी नऊला. आदल्या आठवड्यात मी बाबांना विचारलं, "याल?"

त्यांनी कप खाली ठेवला. "साडेआठला वाचन असतं ना गं. एक दिवस चुकला की साखळी तुटते. मग मागची सगळी वर्षं फुकट."

"बरं," मी म्हणाले.

त्या दिवशी मी शाळेतल्या बाईंच्या स्कूटरवर मागे बसून गेले. दुसरा क्रमांक आला. समोरच्या रांगेत इतरांचे आईवडील बसले होते. आईसुद्धा नव्हती, धाकट्या बहिणीची काहीतरी तयारी होती. मी तेव्हा मनाशी म्हटलं होतं की माझे बाबा इतरांसारखे नाहीत, त्यांच्यावर आभाळाचा हिशोब अवलंबून आहे. खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमान वाटला होता. मी विज्ञानाकडे गेले त्याच्या मुळाशी ते 'साखळी तुटते' होतं.

शुक्रवारी दुपारी मी वेधशाळेत गेले. विषय ऐकून बाबा हसले. "म्हणजे आता घरातलीच चौकशी समिती! तपास तपास. हे घे." त्यांनी नोंदवह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "एक रकाना रिकामा सापडला तर माझी सायकल तुझी."

"वह्या नकोत बाबा. डब्याचे कागद हवेत."

ते थांबले. "कागद कशाला? वहीत सगळं आहे की."

"वहीत आकडा आहे. तो किती वाजताचा, ते नाही ना."

त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि ते पर्जन्यमापकाचं झाकण घासायला बाहेर गेले. पर्जन्यमापकाचं झाकण स्वच्छच होतं. हे मला तेव्हा दिसलं होतं. त्याचा अर्थ नंतर लागला.

डबा म्हणजे घड्याळावर फिरणारं एक पितळी पिंप. त्याच्यावर आखलेला कागद गुंडाळायचा. एक बारीक पेन जांभळ्या शाईनं त्यावर तापमानाची रेघ काढत राहतं, आठवडाभर, आपोआप. दर सोमवारी कागद बदलायचा. सकाळी तापमापकं वाचून झाली की निरीक्षकानं त्या पेनाच्या दांडीला बोटानं अलगद टिचकी मारायची. रेघेवर एक छोटी उभी खूण उमटते. त्या खुणेचा अर्थ एवढाच, की या क्षणी इथे माणूस होता. आठवड्याला सात खुणा. लहानपणी कधीतरी दुपारी तिथे गेले की बाबा मला टिचकी मारून दाखवायचे, पण नुसती हवेत. खरी फक्त साडेआठला.

चार वर्षांपूर्वी पिंपाचं घड्याळ बदललं होतं, म्हणून मी त्याच्या आधीचे सहा हिवाळे घेतले, म्हणजे तुलना एकाच घड्याळाशी होईल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सातशे एकवीस दिवस. त्या कागदावर एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ अर्धा तास. मी भिंग आणि स्टीलची पट्टी घेऊन बसले आणि प्रत्येक खूण साडेआठच्या रेघेपासून किती दूर आहे ते मोजू लागले. शून्य. शून्य. अर्धा. शून्य. इतकं सुंदर मोजमाप मी प्रयोगशाळेतसुद्धा पाहिलं नव्हतं. वकिलाचं तोंड कसं होईल, याची मी कल्पना करत होते.

तिसऱ्या गठ्ठ्यात एका आठवड्याला सहा खुणा निघाल्या.

मी परत मोजल्या. शनिवारची रेघ सकाळी सरळ वर चढत गेली होती, गुळगुळीत, मध्ये काहीही नाही. टिचकी राहिली असेल, माणूस आहे, मी म्हटलं. संशयाचा फायदा द्यायचा म्हणून वही उघडली. त्या दिवसाचा आकडा होता, बारा पूर्णांक एक. पण डब्याच्या पेनानं त्या सकाळी साडेआठला नऊ अंश दाखवले होते. तीन अंशांचा फरक. इतर दिवशी दोन्हींत पाव अंशाचाही फरक नसायचा. मग मी आदल्या दिवसाचा आणि नंतरच्या दिवसाचा आकडा पाहिला. अकरा पूर्णांक सहा, बारा पूर्णांक सहा. बारा पूर्णांक एक ही त्यांची सरासरी.

सरासरी काढायला मला बाबांनीच शिकवलं होतं. पाटीवर, दोन गोट्यांच्या ढिगांनी.

शनिवारी आणि रविवारी मी सगळे कागद संपवले. सातशे एकवीसपैकी सातशे दहा खुणा होत्या. अकरा नव्हत्या. त्या अकराही दिवसांचे आकडे आजूबाजूच्या दोन दिवसांची सरासरी होते, दशांशापर्यंत बरोबर. एखादा असता तर योगायोग म्हणता आला असता.

तारखा मी एका चिठ्ठीवर उतरवल्या. नऊ शनिवार, दोन बुधवार. त्या चिठ्ठीकडे पाहत मी आमच्या खोलीत बसले होते. माझी आणि धाकटीची ती एकच खोली. तिच्या पलंगावरच्या खिळ्यांवर तिची पदकं टांगलेली. धाकटी पोहते. आठव्या वर्षापासून पोहते, घरात तिला सगळे बेडकी म्हणतात. वाऱ्यानं एक पदक उलटं झालं आणि मागे कोरलेली तारीख दिसली.

मी उठून एकेक पदक उलटं करत गेले. सहा तारखा माझ्या चिठ्ठीवर होत्या. उरलेल्या पाच दिवशी तिला पदक मिळालं नसेल.

मग मी एक मूर्खपणा केला. सोमवारी सकाळी परत वेधशाळेत गेले आणि माझ्या व्याख्यानाच्या आठवड्याचा कागद काढला. तिथेही खूण नसेल, असं मला का वाटलं कोण जाणे. कदाचित ते मागे कुठेतरी उभे राहून ऐकून गेले असतील, मला न सांगता. खूण होती. साडेआठच्या रेघेवर, केसाएवढासुद्धा फरक नाही. चांगली ठळक.

संध्याकाळी आई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. बेडकी ओले केस टॉवेलात गुंडाळून पोळीची कड तोडून खात होती.

"बाबा तुझ्या स्पर्धांना यायचे?" मी विचारलं.

"कधी?" ती म्हणाली. आणि तिनं आईकडे पाहिलं. ते पाहणं अर्ध्या सेकंदाचं असेल, पण मी चार दिवस भिंगातून बारीक गोष्टी पाहत होते.

"कुणी सांगितलं तुला?" आई म्हणाली.

"म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी होतं."

"अगं, किती जुनी गोष्ट ती..."

"ताईला सांगायचं नाही असं होतं," बेडकी एकदम म्हणाली. "मी लहान होते ताई, शप्पथ. बाबा म्हणायचे, ताईला वाईट वाटेल. मला तर ते गुपित वाटायचं. मज्जा वाटायची."

"आणि तू?" मी आईला विचारलं. "दर रविवारी ती ढाल पुसताना?"

आईनं सुरी खाली ठेवली. "ती पोर पाण्यात उतरायचीच नाही, ते काठावर नसले की. थरथर कापायची. तू नव्हतीस गं तशी. तू पहिल्यापासून समजूतदार."

बाबा दारात उभे होते. सायकल लावून कधी आत आले ते कळलं नाही. हातात टिफिनची पिशवी तशीच होती. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली. वाचायला फार वेळ लागला, अकराच तारखा होत्या.

"बाबा, मी विचारलं होतं तुम्हाला. याल का म्हणून."

"हो," ते म्हणाले.

"साखळी तुटते म्हणालात."

"तुटतेच."

"मग?"

ते खुर्चीवर बसले. "तू एकदा विचारलंस. मी नाही म्हटलं. तू म्हणालीस, बरं. ही बरं म्हणायची नाही, दारात पाय धरून बसायची. आठला तिची शर्यत, मला परत यायला अकरा वाजायचे. पहिल्यांदा केलं तेव्हा वहीत आकडा लिहिला आणि म्हटलं, पुन्हा नाही."

"आणि नंतर आणखी दहा वेळा केलंत."

"तुझ्यासाठी केलं असतं. तू जर..."

"रडले असते तर?"

बेडकी रडायला लागली. अर्थातच सगळे तिच्याकडे वळले. बाबांचा हात तिच्या डोक्यावर गेला, आपोआप, डब्याच्या पेनासारखा. मी तिथून उठले. मला तेव्हासुद्धा रडू आलं नाही. ते यायला हवं होतं, असं नंतर वाटत राहिलं.

त्यांनी आकडे बनवले, याचा राग मला आला, पण तो शास्त्राचा राग होता. त्याचं काय करायचं ते मला शिकवलेलं आहे. चुकीचा आकडा शोधायचा, काढायचा, काढल्याचं लिहून ठेवायचं. दुसऱ्या गोष्टीचं काय करायचं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. बाबा सगळ्यांनाच नाही म्हणतात, या एका गृहीतकावर मी माझं लहानपण रचलं होतं. ते 'नाही' फक्त मलाच म्हणत होते. आणि बाकी तिघं मूग गिळून बसले होते.

मंगळवारी मी मॅडमकडे गेले. नुसतं एवढंच सांगितलं, की काही नोंदी खोट्या आहेत आणि आता विषयच बदलावा का.

त्यांनी चष्मा काढला. "दोन वाटा आहेत. विषय रुंद कर, वीस वर्षांची सरासरी घे, अकरा दिवस त्यात मीठ विरघळावं तसे विरघळतील. कुणाला कळणार नाही. किंवा आणखी अरुंद कर. तू ठरव. मी विचारणार नाही ते कुणी आणि का केलं." मग जराशानं म्हणाल्या, "फळ्यासमोर बाप पुरावा नाही म्हटलं होतं मी. ते तसं म्हणायला नको होतं."

"बरोबर होतं ते, मॅडम."

बुधवारी संध्याकाळी बाबा आमच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. माझ्या टेबलावर आलेख पसरलेला होता. अकरा जागी रेघ तुटलेली. आकडा काढून मी ती जागा रिकामी ठेवली होती.

"ढाल परत पाठवावी लागेल," ते म्हणाले.

"मी वेधशाळेचं नाव घातलेलं नाही. एक केंद्र, एवढंच लिहिलंय."

"नाही, पाठवतो मी. पत्र लिहिलंय." ते घुटमळले. "उद्या किती वाजता आहे तुझं?"

"साडेआठ."

"मी येऊ?"

सात वर्षं उशिरा आलेला हा प्रश्न. मी त्यांच्याकडे पाहिलं. दाढी नीट केलेली नव्हती. उद्याचा शर्ट इस्त्री करून त्यांनी आधीच समोरच्या दाराच्या कडीला टांगलेला होता, तो मला त्यांच्या खांद्यामागे दिसत होता.

"वाचन असतं ना साडेआठला," मी म्हणाले.

"एक दिवस चालतं."

याच्याऐवजी ते काहीही बोलले असते तरी चाललं असतं.

"नाही चालत, बाबा," मी म्हणाले. "अकरा झाले. बारावा माझ्या नावावर नको."

ते जायला वळले. मग म्हणाले, "बरं."

गुरुवारी मी साडेआठला फळ्यावर विषय लिहिला. 'एका केंद्रातील सकाळच्या तापमानाच्या सातशे एकवीस नोंदींपैकी अकरा या नोंदीच नाहीत, हे कसे ओळखावे.' मागून मॅडम काहीच बोलल्या नाहीत, म्हणजे विषय बोटाखाली आला होता. मी खुणा दाखवल्या, सरासरी दाखवली, डब्याची रेघ आणि वहीतला आकडा शेजारी शेजारी ठेवला. उरलेल्या सातशे दहा खुणांपैकी सहाशे शहाण्णव साडेआठच्या पाव तासाच्या आत आहेत, हेही सांगितलं, कारण ते खरं होतं आणि सांगितलं नसतं तर मोजमाप अपुरं राहिलं असतं. अकरा मिनिटांत संपलं.

वकिलानं हात वर केला. या वेळी तो हसत नव्हता. "त्या अकरा दिवशी निरीक्षक कुठे होते?"

"हा प्रश्न विषयाबाहेरचा आहे," मॅडम मागून म्हणाल्या.

"उत्तर आहे माझ्याकडे," मी म्हणाले. "पण या आलेखात ते येत नाही."

वकील मान हलवून खाली बसला. जागेवर आल्यावर मी पिशवीतून फोन काढला. आठ एकतीसला बाबांचा निरोप आलेला होता. झडपांच्या पेटीचं उघडं दार, तापमापकाचा फोटो, जरा हललेला. खाली लिहिलं होतं, 'चौदा पूर्णांक दोन. खूण केली.'

मी उत्तर पाठवलं नाही. माझी वही उघडली, तारीख टाकली आणि आकडा लिहिला. पुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पडताळलेला नाही.'